पाहिलेले ध्यानात राहावे म्हणून
माहितीपर चित्रफितीच्या संकलनाचा विचार

गावोगावच्या शाळांतून, अंगणवाड्यांतून आणि ग्रामपंचायतींच्या सभागृहांतून आज माहितीपर चित्रफिती दाखविल्या जातात. एके काळी लोकशिक्षणाचे हे कार्य भित्तिपत्रके, कीर्तने आणि कलापथके करीत असत. पुढे फिरत्या वाहनावरील प्रक्षेपकाने आणि दूरदर्शनने त्याचा भार उचलला. आता हाती भ्रमणध्वनी असलेला कोणीही शिक्षक वा ग्रामपंचायत अधिकारी अशी चित्रफीत स्वतः तयार करू शकतो. साधन सुलभ झाले, ही निःसंशय इष्ट गोष्ट होय. तथापि चित्रफीत दाखविली जाणे आणि ती पाहणाऱ्याच्या ध्यानात राहणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

अतिसाराने आजारी असलेल्या बालकाला द्यावयाच्या जलसंजीवनीचे उदाहरण घेऊ. सर्वसामान्यपणे मिळणारी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात संपूर्ण मिसळावयाची असते. ही कृती तीन मिनिटांच्या चित्रफितीत सहज दाखविता येते. प्रेक्षक ती आवडीने पाहतात आणि तिच्यातील गाणे गुणगुणत घरी जातात. परंतु पंधरा दिवसांनी अपरात्री मूल आजारी पडते, तेव्हा आईला आठवावयास हवे ते गाणे नव्हे, तर पाण्याचे माप. एक लिटरऐवजी पेलाभर पाण्यात सबंध पुडी मिसळली गेली, तर द्रावणातील क्षारांचे प्रमाण वाढते आणि ते बालकाला अपायकारक ठरू शकते. पाणी फार झाले, तर द्रावणाचा गुण उणावतो. अशा चित्रफितीचे यश टाळ्यांवर नव्हे, तर त्या एका मापाच्या स्मरणावर मोजावे लागते. आणि ते स्मरण पुष्कळ अंशी चित्रफितीच्या संकलनावर अवलंबून असते.

संकलन म्हणजे काय?

चित्रित केलेल्या तुकड्यांतून निवड करणे, त्यांचा क्रम लावणे आणि प्रत्येक तुकडा पडद्यावर किती वेळ राहावा हे ठरविणे, याला संकलन म्हणतात. अशा एका तुकड्याला शॉट आणि दोन तुकड्यांच्या सांध्याला कट असे म्हणण्याचा प्रघात आहे. नको असलेला भाग कापून टाकणे एवढाच संकलनाचा अर्थ अनेकांच्या मनात असतो. तो अपुरा आहे.

संकलनाचे पहिले सामर्थ्य काळाचा संक्षेप करण्यात आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ मध्ये मुंबईत प्रदर्शित झाला. त्यापूर्वी १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीवर एक लघुपट तयार केला होता. कुंडीतील रोपासमोर कॅमेरा ठेवून दिवसामागून दिवस त्याची चित्रे घेण्यात आली आणि पडद्यावर ती सलग दिसताच बीजातून अंकुर आणि अंकुरातून रोप काही क्षणांत वर येताना दिसले. हा परिणाम कॅमेऱ्यानेच साधला होता. परंतु त्यामागील तत्त्व संकलनाचे होते. मधला काळ गाळल्यामुळे जे एरव्ही डोळ्यांना दिसत नाही, ते दिसू लागले.

दुसरे सामर्थ्य संगतीचे होय. रशियातील दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२० च्या सुमारास एक प्रयोग केल्याचे सांगितले जाते. एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे एकच दृश्य त्यांनी निरनिराळ्या दृश्यांना जोडले. चेहऱ्यानंतर अन्नाची बशी आली तेव्हा प्रेक्षकांना तो भुकेला वाटला आणि शवपेटी आली तेव्हा तोच चेहरा शोकाकुल भासला. चेहरा बदलला नव्हता; शेजार बदलला होता. दोन दृश्ये एकामागून एक आली की प्रेक्षक त्यांचा परस्परसंबंध आपण होऊन जुळवितो. माहितीपर चित्रफितीत हा संबंध अचूक जुळेल अशीच दृश्यांची मांडणी करणे, हे संकलकाचे कर्तव्य ठरते.

स्मृतीची ओंजळ

चित्रे ओळखण्याची मनुष्याची शक्ती विलक्षण आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना सुमारे सहाशे चित्रे दाखविली होती. नंतर एक पाहिलेले आणि एक न पाहिलेले अशी जोडी समोर ठेवली असता, शंभरातील पंच्याण्णवांहून अधिक वेळा त्यांनी पाहिलेले चित्र बरोबर ओळखले. या शक्तीमुळेच चित्रफीत हे प्रभावी माध्यम ठरते.

परंतु पाहिलेले चित्र ओळखणे वेगळे आणि कृतीचा क्रम व तिच्यातील प्रमाण आपण होऊन आठवणे वेगळे. एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ही संख्या सातच्या आसपास असल्याचे मांडले. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी उपलब्ध संशोधनाचा परामर्श घेऊन ती चारच्या आसपास असल्याचे दाखविले. स्मृतीची ही ओंजळ लहान आहे. ती भरली असता वरून आणखी ओतले, तर नवे सांडते किंवा जुने वाहून जाते. एका चित्रफितीत पंधरा सूचना कोंबल्या, तर प्रेक्षकाच्या हाती पंधरा लागत नाहीत. कोणत्या तीन-चार लागतील, हे मात्र दैवावर राहते. ती निवड दैवावर न सोडता आपण करणे, हा संकलनाचा प्रारंभ होय.

याचा वस्तुपाठ आपल्या शेजारच्या देशात घडला. १९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना तोंडावाटे क्षार-शर्करेचे द्रावण देऊन असंख्य प्राण वाचविले. उपाय सिद्ध झाला होता. तो घराघरांत कसा पोहोचवावा हा प्रश्न उरला होता. बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या काळात एक कोटी वीस लाखांहून अधिक घरी कार्यकर्त्या पाठवून मातांना तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी हे प्रमाण प्रत्यक्ष शिकविले. आरंभी मातांनी लक्षात ठेवावयाचे मुद्दे दहा होते. पुढे ते सातांवर आणण्यात आले. विशेष म्हणजे काही दिवसांनी दुसरे तपासनीस जाऊन मातांना काय आठवते हे पाहत आणि त्यावर कार्यकर्तीचे मानधन ठरत असे. शिकविले किती यापेक्षा राहिले किती, याला तेथे मोल होते. आज तयार पुडी मिळत असल्याने चिमटीच्या मापाची गरज उरलेली नाही. परंतु ती दृष्टी चित्रफीत तयार करणाऱ्यांनीही बाळगावी अशीच आहे.

कट कोठे घ्यावा?

मनुष्य कोणतीही कृती अखंड प्रवाहासारखी ध्यानात ठेवीत नाही. हात धुणे संपले, पाणी मोजणे सुरू झाले, अशा टप्प्यांत तो तिची विभागणी करतो. या टप्प्यांच्या सीमांना स्मरणाच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरिलिन बोल्ट्झ यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका चित्रकथेत जाहिरातींचे खंड निरनिराळ्या ठिकाणी घातले. प्रसंग पूर्ण झाल्यावर आलेल्या खंडांनी कथेच्या स्मरणास साहाय्य केले. प्रसंगाच्या मध्येच आलेल्या खंडांनी स्मरणाची हानी केली. खंड तेच होते. जागा बदलल्याने परिणाम उलटा झाला.

यावरून व्यवहारात दोन नियम हाती येतात. एक टप्पा संपून दुसरा सुरू होतो, तेथील कट प्रेक्षकाला स्पष्ट जाणवला पाहिजे. दृश्याचे अंतर बदलावे, क्षणभर थांबावे, पुढील टप्प्याचा अंक पडद्यावर यावा. उलटपक्षी टप्प्याच्या आत कट घ्यावा लागला, तर तो शक्य तितका लपवावा. त्यासाठी हालचाल चालू असतानाच दृश्य बदलण्याची संकलकांची जुनी रीत आहे. आई बाटली उचलू लागते हे दुरून दाखवावे आणि उचलण्याच्या ओघातच बाटलीच्या समीपदृश्यावर यावे. टिम स्मिथ आणि जॉन हेंडरसन यांनी २००८ मध्ये प्रेक्षकांना कट दिसताच कळ दाबण्यास सांगितले होते. हालचालीच्या ओघात घेतलेल्या कटांपैकी सुमारे एकतृतीयांश कट, मुद्दाम शोधीत असूनही, त्यांच्या लक्षात आले नाहीत. मन कृतीत गुंतले की सांधा दिसत नाही.

समीपदृश्याचाही येथे विचार केला पाहिजे. दूरचे दृश्य ‘कोठे’ आणि ‘कोण’ हे सांगते, तर समीपदृश्य ‘काय’ हे सांगते. सर्वच गोष्टी जवळून दाखविल्या, तर कोणतीच महत्त्वाची ठरत नाही. जलसंजीवनीच्या चित्रफितीत सर्वांत मोठे आणि सर्वांत अधिक वेळ टिकणारे समीपदृश्य एक लिटरच्या भरलेल्या बाटलीचे असावे. तेथे निवेदनाने अन्य काही सांगू नये. डोळा माप पाहत असता कानावर स्वच्छतेचे महत्त्व पडत राहिले, तर माप आणि स्वच्छता या दोन्हींचे स्मरण दुबळे होते.

वेळेचा संक्षेप करतानाही सावधगिरी हवी. पूड विरघळेपर्यंत ढवळण्याचा वेळ गाळला तरी चालतो, कारण विरघळलेले द्रावण डोळ्यांना दिसते. हात धुण्याचे दृश्य मात्र दोन सेकंदांवर आणले, तर दोन सेकंद हात धुणे पुरते असा समज पडद्यावरूनच होतो. साबणाने किमान वीस सेकंद हात चोळावेत, हे शिकवावयाचे असेल, तर ते वीस सेकंद पूर्ण दाखवावेत किंवा आकडे मोजण्याचा आवाज तरी ऐकवावा. जेथे वेळ हाच शिकवणुकीचा भाग असतो, तेथे वेळ कापता येत नाही.

काय वगळावे?

चित्रफीत रंजक व्हावी म्हणून तीत विनोदी प्रसंग, सुंदर निसर्गदृश्ये, गाणी आणि चमत्कृतिपूर्ण संक्रमणे घालण्याचा मोह होतो. आजच्या संकलनाच्या साधनांत पाने उलटणारी, गिरक्या घेणारी, ठिकऱ्या उडविणारी संक्रमणे शेकड्यांनी मिळतात. शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना वीज कशी चमकते याची माहिती दिली होती. तीत मनोरंजक, परंतु मूळ प्रक्रियेशी असंबद्ध असा मजकूर व चित्रे घातली असता मुख्य प्रक्रियेचे स्मरण व आकलन कमी झाले. रंजकता निषिद्ध नाही. परंतु ती मुख्य गोष्टीच्या अंगची असावी, बाहेरून चिकटविलेली नसावी. ज्या गाण्यात मापच गुंफलेले आहे ते गाणे उपकारक, आणि जे केवळ ताल धरावयास लावते ते अडथळा होय.

चुकीची कृती दाखविण्याच्या पद्धतीकडेही लक्ष वेधले पाहिजे. ‘असे करू नका’ हे सांगण्यासाठी पेल्यात पुडी ओतणारी आई ठसठशीतपणे दाखविली जाते. ‘नका’ हा शब्द निवेदनात असतो; चित्रात नसतो. चित्राला नकार ठाऊक नाही. निवेदन विसरले गेले, तर मनात उरते ते पेल्यात पुडी ओतण्याचे दृश्य. म्हणून चुकीची कृती शक्यतो दाखवू नये. दाखविणे अपरिहार्य असल्यास ती थोडक्यात, दुरून दाखवावी, त्याच चौकटीत ठळक फुली मारावी आणि लगेच बरोबर कृती समीपदृश्यात, अधिक वेळ दाखवावी. चित्रफितीचा शेवट चुकीच्या कृतीवर कधीही करू नये.

दिशेची सुसंगती हीदेखील दुर्लक्षित राहणारी बाब आहे. पहिल्या दृश्यात आईच्या डाव्या बाजूस असलेले भांडे पुढच्या दृश्यात उजवीकडे गेले, तर प्रेक्षकाचे मन क्षणभर तो बदल समजून घेण्यात गुंतते. चित्रीकरण करताना कॅमेरा कृतीच्या एकाच बाजूस ठेवला, तर हा दोष सहज टळतो.

विराम आणि उजळणी

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले की, शिकलेल्या गोष्टीतील बराच मोठा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो आणि काही काळाच्या अंतराने केलेली उजळणी लागोपाठच्या घोकंपट्टीहून अधिक फलदायी ठरते. चित्रफितीत हे अंतर थोड्या प्रमाणात साधता येते. मुख्य माप आरंभी एकदा, प्रत्यक्ष कृतीत दुसऱ्यांदा आणि शेवटी तिसऱ्यांदा यावे. प्रत्येक वेळी बाटलीचे तेच दृश्य वापरावे. नावीन्यासाठी एकदा बाटली, एकदा तांब्या आणि एकदा घागर दाखविली, तर उजळणी होत नाही. तीन वेगळी मापे मनात शिरतात.

त्याहूनही परिणामकारक साधन म्हणजे प्रश्न. कार्ल श्पुनार, नोव्हॉल खान आणि डॅनियल शॅक्टर यांनी २०१३ मध्ये २१ मिनिटांचे एक चित्रित व्याख्यान चार भागांत विद्यार्थ्यांना दाखविले. प्रत्येक भागानंतर ज्यांना त्यावर प्रश्न विचारले गेले, त्यांचे चित्त इतरांच्या मानाने कमी वेळा भरकटले आणि अखेरच्या चाचणीत त्यांना अधिक आठवले. ज्यांना तोच मजकूर नुसता पुन्हा दाखविला गेला, त्यांना हा लाभ झाला नाही. स्वतः आठवण्याच्या प्रयत्नानेच आठवण बळावते, असा याचा अर्थ होय.

ही युक्ती गावातही सहज योजता येईल. पाणी मोजून झाल्यावर पडद्यावर ‘पाणी किती?’ एवढाच प्रश्न यावा आणि पाच-सहा सेकंद पूर्ण शांतता असावी. सभागृहातून उत्तर येऊ द्यावे. मग बाटलीचे दृश्य दाखवावे. संकलन करणाऱ्याला ही शांतता रिकामी वाटते व ती कापण्याचा मोह होतो. वस्तुतः सबंध चित्रफितीतील सर्वांत मोलाचे क्षण तेच असतात.

एका चित्रफितीची जुळणी

या विवेचनाच्या आधारे जलसंजीवनीवरील तीन मिनिटांची चित्रफीत पुढीलप्रमाणे जुळविता येईल. आरंभीच्या १५ सेकंदांत आजारी बालक, चिंतित आई आणि तिच्या हातातील पुडी; त्यापाठोपाठ एक लिटरची बाटली. त्यानंतर चार टप्पे, प्रत्येक साधारण अर्ध्या मिनिटाचा : हात धुणे, एक लिटर स्वच्छ पाणी मोजणे, संपूर्ण पुडी त्यात घालून ढवळणे, आणि चमच्याने किंवा वाटीने थोडे थोडे पाजणे. प्रत्येक टप्प्याच्या आधी त्याचा अंक, आणि दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यानंतर प्रश्न व विराम. अखेरच्या ४५ सेकंदांत तीन गोष्टी याव्यात : तयार द्रावण २४ तासांच्या आत वापरावे, स्तनपान व आहार चालू ठेवावा, आणि मूल मलूल झाले वा पिण्यास असमर्थ ठरले तर तत्काळ आरोग्य केंद्रात न्यावे. शेवटचे दृश्य पुन्हा बाटलीचे. झिंकच्या गोळ्या, शौचालयाचा वापर, पाण्याचे शुद्धीकरण हे विषय महत्त्वाचे आहेत. परंतु त्यांच्यासाठी स्वतंत्र चित्रफिती कराव्यात. एकीत सर्व सामावण्याचा आग्रह हा सर्वच चित्रफिती निष्फळ करण्याचा मार्ग होय.

पडद्यावरील अक्षरे थोडी व मोठी असावीत आणि सावकाश वाचणाऱ्याला ती दोनदा वाचता येतील इतका वेळ राहावीत. चित्रीकरण करताना प्रत्येक कृतीच्या आधी व नंतर चार-पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवावा. संकलनाच्या वेळी कट योग्य जागी घेण्यास तेवढी मोकळीक लागते.

कसोटी

चित्रफीत तयार झाल्यावर ती कार्यालयातील सहकाऱ्यांना दाखवून संमती घेण्याचा रिवाज आहे. सहकाऱ्यांना विषय आधीच ठाऊक असतो; त्यामुळे त्यांच्या पसंतीवरून स्मरणाविषयी काहीच कळत नाही. ज्यांच्यासाठी ती केली, त्यांच्यापैकी पाच-सहा जणांना ती एकदाच दाखवावी. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर लहानमोठी भांडी, बाटल्या व एक पुडी ठेवावी आणि ‘करून दाखवा’ एवढेच म्हणावे. ‘आवडली का?’ हा प्रश्न विचारू नये. जेथे हात अडखळेल, तेथे दोष पाहणाऱ्याचा नसून बहुधा संकलनाचा असतो. त्या जागी परत जाऊन दृश्य लांबवावे, कट सरकवावा किंवा मधली अनावश्यक गोष्ट काढून टाकावी. पुन्हा दाखवावी, पुन्हा पाहावे.

या कसोटीला यंत्रसामग्री लागत नाही व खर्चही नाही. लागतो तो थोडा धीर आणि आपलेच काम मोडून पुन्हा जुळविण्याची तयारी. शिक्षकाला ही पद्धत नवी नाही. फळ्यावर लिहिलेले विद्यार्थ्यांना कळले की नाही हे तो रोजच पाहत असतो. पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी हाच दंडक चित्रफितीला लावावा. किती गावांत दाखविली, किती जणांनी पाहिली, हे आकडे अहवालात अवश्य असावेत; परंतु त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना असावा : दुसऱ्या दिवशी कितीजणांनी पाणी बरोबर मोजले. ज्या रात्री मूल आजारी पडेल, त्या रात्री आईच्या उपयोगी पडणार आहे तो या रकान्यातील आकडाच.